रोज एक फोटो, ३६५ दिवस: माझ्या वर्षाचं प्रकरण आणि बाबांचं घड्याळ

गेल्या १ फेब्रुवारीला सुरू केलेलं रोज एक फोटो काढायचं वर्ष ह्या ३१ जानेवारीला संपलं. तेव्हापासून तीन-चार जणांनी विचारलं की काय मिळालं, फोटोग्राफी सुधारली का, आणि प्रत्येक वेळी मी थोडक्यात काहीतरी सांगून विषय बदलला कारण ह्याचं उत्तर दोन वाक्यांत बसत नाही. म्हणून सगळं प्रकरण सुरुवातीपासून नीट लिहून काढतेय. मोठं आहे, पण ज्यांना असं काही करायचंय किंवा ज्यांनी करून अर्धवट सोडलंय त्यांना उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

आधी आकडे सांगून टाकते. दिवस ३६५, फोटो ३५२, हुकलेले दिवस १३. त्यातले सलग ४ तापात गेले आणि बाकीचे ९ इकडे तिकडे विखुरलेले, नुसते विसरलेले. प्रिंट करून भिंतीवर लावावेत असे फोटो मोजून २६. पण हे प्रकरण त्या २६ फोटोंचं नाहीच.

सुरुवात कशी झाली

माझ्याकडे हजारो फोटो होते आणि सगळे कुठल्या ना कुठल्या प्रसंगाचे. वाढदिवस, प्रवास, कुणीतरी आलंय, कुणीतरी चाललंय. साध्या मंगळवारचा एकही नाही. त्याच सुमारास जेमी लिविंग्स्टन नावाच्या माणसाबद्दल वाचलं. त्याने ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉईड, म्हणजे काढल्या काढल्या कागदावर उमटणारा फोटो, काढायला सुरुवात केली आणि २५ ऑक्टोबर १९९७ ला, म्हणजे ज्या दिवशी तो गेला त्या दिवसापर्यंत काढत राहिला. अठरा वर्षं, सहा हजारांच्या वर फोटो, दिवसाला एकच. पोलरॉईड असल्यामुळे जे आलं ते आलं, पुन्हा क्रॉप नाही की एडिट नाही. मला ते इतकं आवडलं की त्याच आठवड्यात मी नियम लिहून काढले.

नियम तीनच होते: रोज एक फोटो ठेवायचा, काढले दहा तरी ठेवायचा एक; त्याच दिवशी फोल्डरमध्ये टाकायचा; आणि खाली एक ओळ लिहायची. ही एका ओळीची अट मी सहज घातली होती पण पुढे सगळ्यात जास्त कामाला तीच आली, ते येईलच पुढे.

नियमांत एक गोष्ट मात्र नव्हती आणि ती नसल्याचं मला आठ महिने कळलं नाही. काढलेले फोटो परत कधी बघायचे, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

पहिले महिने

पहिला महिना भारी गेला. सगळंच नवीन वाटतं, जिन्यावरची सावली, दाराची कडी, काचेवरचा थेंब, माणूस उत्साहात असतो. दुसऱ्या महिन्यात विषय संपले. रात्री साडेदहाला आठवायचं की अरे आज राहिलाच, मग दिसेल त्याचा काढायचा आणि झोपायचं. बऱ्याच जणांचा प्रोजेक्ट इथेच मरतो, माझाही मरायला टेकला होता. पहिला दिवस हुकला तो १ मार्चला, आणि २ मार्चला सकाळी मला खरंच वाटलं की झालं, साखळी तुटली, आता कशाला पुढे.

तेव्हा दोन गोष्टींनी तारलं. एक म्हणजे फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांचा लंडनमधला सवयींवरचा अभ्यास. ९६ जणांनी रोज करायची एखादी साधी गोष्ट निवडली होती आणि १२ आठवडे त्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा, पण माणसामाणसात फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ पर्यंत. आणि मला हवं होतं ते वाक्य त्यातच होतं, की एखादा दिवस हुकला म्हणून सवय लागण्यात विशेष फरक पडत नाही. दुसरी गोष्ट तेचिंग शे ह्या कलाकाराची. त्याने ११ एप्रिल १९८० पासून पूर्ण वर्षभर दर तासाला, दिवसा आणि रात्री, कारखान्यात हजेरीला असतं तसल्या घड्याळात कार्ड पंच केलं आणि प्रत्येक वेळी स्वतःचा एक फोटो फिल्मवर घेतला. वर्षाचे ८७६० तास, त्यातले १३३ वेळा त्याचं पंच हुकलं. ते त्याने लपवले नाहीत, कुठला का हुकला ह्याची नोंद ठेवली, झोपेत गेला, उशीर झाला, लवकर झाला असं. मीसुद्धा मग फोल्डरमध्ये हुकलेल्या दिवसाची एक रिकामी फाईल टाकायला लागले आणि तिच्यात कारण लिहायला लागले. हे कराच. फोल्डरमध्ये भोक दिसत राहिलं की आपण प्रोजेक्ट सोडतो, भोकाला नाव दिलं की पुढे जाता येतं.

बाबांना ह्यातलं काही सांगितलं नव्हतं, पण रोज रात्री मी मोबाईल घेऊन घरभर फिरते हे ते बघत होते. एकदा म्हणाले, "मी घड्याळाला चावी दिली नाही तर घड्याळ बंद पडतं. तुझं काय बंद पडतं?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं मनगटी घड्याळ जुनं आहे, चावीचं, बॅटरी नाही, रोज सकाळी सातच्या सुमारास खिडकीपाशी उभं राहून ते त्याला चावी देतात, माझ्या लहानपणापासून. एकदा पूर्ण चावी दिली की दीड दिवसाच्या आसपास चालतं, म्हणजे एखाद्या दिवशी चार-पाच तास उशीर चालेल पण दिवस चुकवून नाही चालणार. त्याच्या डायलवर तीनच्या बाजूला तारखेचा छोटासा चौकोन आहे. साध्या तारखेच्या घड्याळाला प्रत्येक महिना ३१ चाच वाटतो, त्यामुळे फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपला की तारीख हाताने पुढे सरकवावी लागते, वर्षातून ५ वेळा. बाबा ते कधीही विसरत नाहीत.

तर ज्या दिवशी सकाळी विषय सुचत नसे त्या दिवशी मी बाबांच्या घड्याळाचा फोटो काढायचे. उजेड चांगला, हात चांगले, माणूस हलत नाही. काढू का असं विचारलं की म्हणायचे, "काढ, पण मला पोज बिज सांगू नकोस." सप्टेंबरच्या शेवटापर्यंत असे ११ झाले होते. मी त्यांना भरतीचे फोटो समजत होते, दिवस भरायला काढलेले.

मधला काळ, आणि तारखांचा घोळ

एप्रिल ते जुलै सवय लागली होती, फार काही सांगण्यासारखं नाही. तांत्रिक दोन गोष्टी शिकले त्या मात्र सांगते. मोबाईलची मुख्य लेन्स चांगलीच वाइड असते, माणसाच्या चेहऱ्याजवळ हातभर अंतरावर जाऊन काढलं की नाक मोठं आणि कान मागे जातात, म्हणून चार पावलं मागे येऊन टू एक्सवर काढायचं, चेहरा लगेच ओळखीचा दिसतो. आणि रात्री घरातल्या दिव्यात फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर मोबाईल बिघडलेला नाही. विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा असेल तर स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि शटर फार जलद असलं, म्हणजे फोटो फार कमी वेळात टिपला गेला, की ते पकडलं जातं. शटर एक-पन्नासांश सेकंदावर आणलं की पट्टे जातात.

मग ऑगस्टमध्ये मोबाईल पडला. स्क्रीन गेली, दुरुस्तीला वेळ लागणार होता. कपाटात जुना डिजिटल कॅमेरा होता, त्याची बॅटरी चार्ज केली आणि त्याच संध्याकाळपासून त्याच्यावर फोटो काढायला लागले. १९ दिवस एकही न चुकता काढले, मोबाईल परत आला, कॅमेरा पुन्हा कपाटात. छान.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी ते १९ फोटो कॅमेऱ्यातून लॅपटॉपवर घेतले. त्याच दिवशी फोल्डरमध्ये टाकायचा नियम त्या काळात मोडला होता, ओळी तेवढ्या वहीत लिहिलेल्या होत्या. घेतले तर सगळ्यांवर तारीख भलत्याच वर्षाची, १ जानेवारी, २ जानेवारी, ३ जानेवारी अशी. कॅमेरा वर्षानुवर्षं बॅटरीशिवाय पडून राहिला की आतलं घड्याळ चालवणारा छोटा सेलही उतरतो आणि कॅमेरा मूळ तारखेपासून मोजायला लागतो. चालू करताना तारीख विचारतो, मी घाईत ओके दाबून पुढे गेले असणार.

वहीतल्या ओळींवरून अंदाज लागत होता पण मला अंदाज नको होता. फोटोच्या फाईलमध्ये काढल्याची तारीख-वेळ लिहिलेली असते, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असलं तरी ते पुढे सरकतं बरोबरच, म्हणजे १९ पैकी एका फोटोची जरी खरी वेळ कळली तर फरक काढून सगळे फोटो एकदम सरकवता येतात, फोटो सांभाळायच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. फक्त एक खात्रीचा फोटो पाहिजे होता.

त्या १९ मध्ये बाबांच्या घड्याळाचा एक होता.

झूम केलं. काटे ७ वाजून १० मिनिटं दाखवत होते, तारखेच्या चौकोनात २३. महिना ऑगस्ट हे नक्की होतं, जुलै ३१ चा असल्याने तारीख सरकवायचाही प्रश्न नव्हता, आणि बाबा चावी सकाळीच देतात त्यामुळे सकाळ की संध्याकाळ हाही प्रश्न नाही. फाईलवर होतं ६ जानेवारी, दुपारी १ वाजून ४२ मिनिटं. मागे मोजत गेलं की कॅमेऱ्याची १ जानेवारीची मध्यरात्र म्हणजे खरी १७ ऑगस्टची संध्याकाळ, ५ वाजून २८ मिनिटं. आणि पहिला फोटो होता जिन्यावरच्या तिरप्या उन्हाचा. बसलं! १९ चे १९ फोटो आपापल्या जागी गेले, १७ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर. मला इतका आनंद झाला की मी खात्री करायला म्हणून आधीचे घड्याळाचे सगळे फोटो उघडले, प्रत्येकातली तारीख आणि फाईलची तारीख जुळते का ते बघायला, आणि स्क्रीनवर ओळीने लावले.

तारखा जुळत होत्या. पण मी तारखा बघायचं थांबवलं होतं.

ओळीने लावल्यावर

हे सावकाश सांगते कारण प्रकरण इथेच आहे.

९ फेब्रुवारीच्या फोटोत बाबा खिडकीपाशी उभे आहेत, चष्मा लावलेला, घड्याळ छातीच्या उंचीवर, कोपर अंगालगत, एका हाताने चावी फिरवतायत. आपण कुणीही धरू तसं. २ एप्रिलला घड्याळ जरा वर आहे, एवढंच. १४ मे, हनुवटीच्या खाली. २१ जूनला चष्मा नाही. घड्याळ चेहऱ्यासमोर आणि चष्मा खिडकीच्या कठड्यावर घडी करून ठेवलेला, तोही फ्रेममध्ये आलाय, किती छान आलाय असं मला तेव्हा वाटलं होतं. त्या दिवसाखाली माझी ओळ आहे: "बाबांना आज चष्म्याशिवाय तारीख वाचता आली!" उद्गारचिन्हासकट. आम्ही दोघं त्या दिवशी खूश होतो हे मला आठवतं, ते म्हणाले होते बघ, म्हातारपणी डोळे सुधारले. २३ ऑगस्टला घड्याळ नाकापासून वीतभर अंतरावर. आणि १२ सप्टेंबरच्या फोटोत, सकाळचं ऊन खिडकीतून पूर्ण आत आलेलं असताना, शेजारच्या टेबलावरचा दिवा चालू आहे आणि बाबा घड्याळ खिडकी आणि दिव्याच्या मधे, डोळ्याला जवळजवळ टेकवून धरून उभे आहेत.

सात महिने मी समोर उभी होते. फोटो मीच काढत होते, फोकसही घड्याळावर मीच करत होते. प्रत्येक फोटो वेगळा बघितला तर काहीच नाही, एक वयस्कर माणूस घड्याळाला चावी देतोय. ११ फोटो एका ओळीत लावले की लहान मुलालाही दिसेल.

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी स्क्रीन जवळ ओढून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "थोडं धूसर दिसतं गं. वयाने होतं तसं."

"कधीपासून?"

"तुला कशाला सांगायचं म्हटलं, तू आपली फोटोत असतेस."

ते रागाने नाही म्हणाले, अगदी सहज म्हणाले. मला मात्र ते वाक्य अजून सोडत नाही.

डॉक्टरांनी काय सांगितलं

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. डोळ्यातली मूळची लेन्स गढूळ होत जाते, प्रकाश नीट आत जात नाही, म्हणून जास्त उजेड लागतो, म्हणून भर सकाळी टेबलावरचा दिवा. चष्म्याचं मी मुद्दाम विचारलं. मोतीबिंदूच्या एका प्रकारात लेन्सचा मधला भाग घट्ट होत जातो, त्यामुळे डोळ्याचा नंबर लघुदृष्टीकडे सरकतो आणि काही काळ माणसाला जवळचं चष्म्याशिवाय वाचता यायला लागतं. लोकांना वाटतं डोळे सुधारले. पुढे गढूळपणा वाढला की तेही जातं. म्हणजे २१ जूनची माझी उद्गारचिन्हवाली ओळ, ती खरं तर लक्षणाची नोंद होती. तारखेसकट.

डॉक्टरांना मी ते ११ फोटो दाखवले होते. तपासणीत जे दिसायचं ते त्यांना तपासणीतच दिसलं, फोटोंनी निदान वगैरे काही केलं नाही, हे स्पष्ट सांगते. पण केव्हापासून त्रास आहे ह्या प्रश्नाला बाबा "झाले असतील एक-दोन महिने" म्हणाले आणि माझ्या हातात एप्रिलचा फोटो होता.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ऑक्टोबरमध्ये झालं. गढूळ लेन्स काढून कृत्रिम बसवतात, बाबांना त्याच दिवशी घरी सोडलं. थोड्या दिवसांनी ते एक डोळा झाकून भिंतीकडे बघायचे, मग दुसरा झाकून, पुन्हा पहिला. म्हणाले, ह्या डोळ्याने भिंत पांढरी आहे आणि ह्या डोळ्याने जुन्या कागदासारखी. जुनी लेन्स पिवळसर होत गेलेली असते आणि मेंदू ते सांभाळून घेतो, दोन डोळ्यांत एक नवी आणि एक जुनी असली की मगच तुलना होते. हा त्यांचा भिंतीकडे बघतानाचा, एका डोळ्यावर तळहात ठेवलेला फोटो माझ्या ३५२ मध्ये आहे आणि वर्षातला सगळ्यात आवडता कुठला असं कुणी विचारलं तर मी तोच दाखवते. थोडा हललाय. नाईट मोड अनेक फ्रेम एकत्र करतो, त्यात हात हलला की बोटं पुसट होतात. असू दे.

मग हे नेमकं काय झालं, ह्यावर माझा विचार

रोज बघितल्याने बदल दिसत नाही, हे आपल्याला आरशामुळे माहीत असतं. माझी समजूत अशी होती की रोज फोटो काढला की हा प्रश्न सुटतो. नाही सुटत. फोटो काढल्याने बदल साठतो, दिसत नाही. दिसायला ते फोटो शेजारी शेजारी ठेवावे लागतात आणि ते वेगळं काम आहे, त्याला वेगळा वेळ द्यावा लागतो, आणि माझ्यासारखे बरेच जण ते काम वर्षाच्या शेवटावर ढकलतात.

कार्ल बाडेन नावाचे फोटोग्राफर २३ फेब्रुवारी १९८७ पासून रोज आपल्या चेहऱ्याचा फोटो काढत आलेत. नोआ कलिनाने ११ जानेवारी २००० ला सुरू केलं आणि २००६ मध्ये सहा वर्षांच्या फोटोंचा सलग व्हिडिओ केला. त्या व्हिडिओत लोकांना हलवलं ते एकेका फोटोने नाही, फोटो एकामागोमाग पळताना चेहरा बदलतो त्याने. आणि हे दिसण्यासाठी त्यांनी चेहरा दरवेळी त्याच जागी, त्याच चौकटीत ठेवला होता. माझ्या ३५२ फोटोंपैकी असे एकाच जागेचे, एकाच वेळेचे फोटो कुठले? फक्त ते घड्याळाचे. तेच मी भरतीचे म्हणत होते. बाकी सगळ्यात मी रोज नवीन काहीतरी शोधत होते, आणि नवीन शोधलं की तुलना करायला काही उरत नाही.

अजून एक. लिंडा हेंकेल ह्या संशोधिकेचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, संग्रहालयात नेलेल्या लोकांना काही वस्तू नुसत्या बघायला आणि काहींचा फोटो काढायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या, जणू कॅमेऱ्यावर सोपवून मोकळे झाले. पण ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला त्यांची आठवण कमी झाली नाही. माझं झूम सात महिने उशिरा झालं, तेही तारीख शोधायला, पण झूम केल्यावरच मी पहिल्यांदा बाबांच्या हाताकडे बघितलं हे खरं आहे.

वर्ष संपल्यावर मी वेळेप्रमाणे मोजणीही केली. सकाळी ९ च्या आधी ६१ फोटो, ९ ते संध्याकाळी ६ मध्ये ८८, ६ ते ९ मध्ये ६२ आणि रात्री ९ नंतर १४१. म्हणजे शंभरातले चाळीस फोटो दिवस संपता संपता काढलेले, आणि त्या १४१ मध्ये माणूस असलेले फक्त १२, बाकी वस्तू, भिंती, दिवे. आणि ज्या फोटोंचा खरा उपयोग झाला ते सगळे त्या ६१ मधले, खिडकीपाशी, माणूस असलेले. रात्रीचे फोटो वाईट असतात असं नाही, पण रात्री मी नियम पाळत होते, सकाळी बघत होते, फरक तेवढा आहे. पुन्हा केलं तर दुपारच्या आत काढून मोकळी होईन.

आता काय करते

रोजचं बंद केलं, हे आधी सांगते, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. त्याऐवजी आठवड्यातून एकदा त्याच तीन जागांचे फोटो काढते, बाबांची खिडकी, जिना आणि आम्ही दोघं बसतो ती जागा. जागा तीच, उंची तीच, लेन्स तीच, वेळ शक्यतो तीच. उजेड तोच मिळत नाही कारण सूर्य वर्षभर सरकत असतो, डिसेंबरमध्ये आमच्या खिडकीतून ऊन समोरच्या भिंतीपर्यंत येतं आणि जूनमध्ये कठड्यावरच थांबतं, ते चालेल, त्यानेही महिना कळतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रत्येक जागेचे त्या महिन्याचे सगळे फोटो शेजारी लावून बघते आणि मागच्या महिन्यांचेही त्याच ओळीत. अर्धा तास लागतो. एकटी बघत नाही, बाबांबरोबर बघते, कारण त्यांना जे दिसतं ते मला दिसत नाही हे आता मला माहीत आहे. एका ओळीची नोंद चालू आहे. कॅमेरा कुठलाही असो, पहिल्यांदा चालू करताना तारीख बघते. फोटो मेसेजिंग ॲपवरून घेत नाही, केबलने किंवा थेट बॅकअपमधून घेते, कारण ॲपवरून पाठवताना बरेचदा फाईलमधली मूळ तारीख गळून जाते आणि फोटो बारीकही होतो. आणि तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर.

घरातल्या माणसांचे फोटो काढताना विचारा, आणि ते फोटो तुमच्यापुरते ठेवायचेत की लोकांना दाखवायचेत हेही आधीच विचारा. घड्याळाचे फोटो मी कुठेही टाकलेले नाहीत, इथे लिहायला मात्र बाबांनी हो म्हटलं.

वर्षाचे सगळे फोटो २४ फ्रेम प्रति सेकंदाने पळवले तर जेमतेम १५ सेकंद होतात. तसा व्हिडिओ केला होता, बाबांनी बघितला आणि म्हणाले काही समजलं नाही, हळू कर. मग एक सेकंदाला एक फोटो केला, जवळजवळ सहा मिनिटांचा. तो त्यांनी दोनदा बघितला, नव्या डोळ्याने आणि वाचायच्या नव्या चष्म्याने. दुसऱ्या वेळी मधेच थांबवायला सांगून म्हणाले, ही खुर्ची तेव्हा इकडे होती, मला दिवा घ्यायला सोपं जावं म्हणून मी ती सरकवली, तुला कळलं नाही ना? नव्हतं कळलं. त्या दिवसाची माझी ओळ होती, "आज काही विशेष नाही." ती खोडली नाही, खाली त्यांनी सांगितलेलं लिहिलं, तारीख घालून. अशा १७ ओळी आत्तापर्यंत वाढल्यात.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय, तारीख मिळालीय.

१ मार्चला सकाळी मी दुसऱ्या खोलीत होते. बाबांनी हाक मारली, "ये गं, आज तारीख बदलायचीय. मागच्या वर्षी तुझा हा राहिला होता ना?" घड्याळात २९ दिसत होते. चष्मा लावलेला, घड्याळ छातीशी, टेबलावरचा दिवा बंद. त्यांनी चावी ओढली आणि २९ वरून ३०, ३१, १ असं सावकाश फिरवलं आणि मी १ चौकोनात बसेपर्यंत थांबून मग एकच काढला.